सूत्रांकडून कायद्याकडे

इंग्रजी भाषेंत 'लॉ' या एकाच शब्दानें दोन निरनिराळ्या वस्तूंचा बोध होतो. वर फेकलेला दगड खालीं येतो तोहि 'लॉ', आणि घरपट्टी थकली म्हणजे दारावर जप्तीची नोटीस लागते तोहि 'लॉ'च. आपण पहिल्यास नियम किंवा सूत्र म्हणतों व दुसऱ्यास कायदा म्हणतों. त्यामुळें आपला घोटाळा होत नाहीं. पण एक गंमत मात्र आपल्या दृष्टीआड राहते. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच 'लॉ' ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. मराठींत त्यांस सूत्रें म्हणतात, आणि तें योग्यच आहे. परंतु हा गृहस्थ पहिल्या अर्थाच्या 'लॉ'पासून निघाला तो सतरा वर्षांत दुसऱ्या अर्थाच्या 'लॉ'पर्यंत येऊन पोंचला. ग्रंथपालाला पुस्तकांची मांडणी सोडून कायद्याचा मसुदा हातीं कां घ्यावा लागला, आणि त्याच्या त्या खटाटोपांतून आपल्या महाराष्ट्राच्या पदरांत काय पडलें, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

कायद्याचें लक्ष पुस्तकांकडे पूर्वीं नव्हतें असें नाहीं. तें होतें, पण पोलिसाच्या नजरेचें. १८५७ च्या उठावास दहा वर्षें होतात न होतात तोंच, १८६७ सालीं, छापखाने व पुस्तकें यांच्या नोंदणीचा कायदा झाला. देशांत जें जें पुस्तक छापून निघेल त्याच्या प्रती मुद्रकानें सरकारांत फुकट आणून द्याव्यात. सरकारनें त्याचें नांव, कर्ता, भाषा, विषय, पृष्ठें, प्रतींची संख्या, किंमत हें सारें टिपून ठेवावें, आणि दर तीन महिन्यांनीं त्याची यादी गॅझेटांत छापावी, अशी ती व्यवस्था. रयत काय वाचते हें राज्यकर्त्यांस कळावें हा तिचा एक उघड उपयोग होता. परंतु इतिहासाची थट्टा अशी, कीं संशयी नजरेनें केलेल्या त्या त्रैमासिक याद्याच पुढें मराठी ग्रंथसूची सिद्ध करणारांस अत्यंत उपकारक झाल्या. एखादें शाहिरी चोपडें कोणत्या सालीं, किती प्रतींचें निघालें हें आज जर कळत असेल, तर तें त्या कारकुनाच्या टिपणामुळें. ज्या वाचकाकरितां तें चोपडें छापलें होतें त्याचा मात्र त्या कायद्यांत कोठेंहि उल्लेख नव्हता. पुस्तक सरकारच्या कपाटांत जाई. तेथून तें लोकांकडे परत येण्याची वाट कायद्यानें आंखली नव्हती.

ही परतीची वाट कायद्यानें आंखण्याचा जुना आणि नांवाजलेला प्रयोग इंग्लंडांत झाला होता. रंगनाथन पुढें त्याच देशीं शिकावयास गेले, म्हणून त्याची हकीगत आधीं सांगणें भाग आहे. एडवर्ड एडवर्ड्स हा लंडनच्या एका गवंड्याचा मुलगा. स्वतः तो बापाच्या हाताखालीं विटा रचावयास शिकलेला. स्वतःच्या वाचनानें शहाणा होऊन १८३९ सालीं ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयांत सूचीचें काम करणारा साहाय्यक म्हणून तो लागला. सूची करतां करतां त्याला एक प्रश्न पडला, कीं युरोपच्या इतर शहरांत कोणासहि जाऊन वाचतां येईल अशीं इतकीं ग्रंथालयें असतांना इंग्लंडांत तीं कां नसावींत? त्यानें आंकडे जमविले. विल्यम एवर्ट या पार्लमेंटच्या सभासदाच्या नजरेस ते पडले, आणि १८४९ सालीं चौकशीसमिति बसली तेव्हां एडवर्ड्स तिच्यापुढें मुख्य साक्षीदार म्हणून उभा राहिला. त्याच्या आंकड्यांत चुका होत्या, आणि विरोधकांनीं त्या वेंचून काढल्या; पण मुद्दा बुडाला नाहीं. १८५० सालीं कायदा झाला.

कायदा झाला खरा, पण कसा! दहा हजारांवर वस्ती असलेल्या गांवींच तो लागू. तोहि करदात्यांच्या दोनतृतीयांश मतांनीं. कर पौंडामागें अर्ध्या पेनीहून अधिक नाहीं. आणि त्या अर्ध्या पेनींतून इमारत बांधावी, नोकर ठेवावेत, पण पुस्तकें विकत घेऊं नयेत! पुस्तकें कोणी तरी धर्मार्थ देईलच असा भरंवसा. विहीर खणण्यास पैसा द्यावयाचा आणि पाणी मात्र शेजाऱ्यानें ओतावें असें म्हणण्यापैकींच हें झालें. सभागृहांत कर्नल सिबथॉर्प या गृहस्थानें तर आपणांस मुळीं वाचनच आवडत नाहीं, ऑक्सफर्डास असतांनाहि आवडत नव्हतें, असें उघड सांगून विरोध केला. आमच्या मतें तो त्या सभेंतला सर्वांत प्रामाणिक विरोधक होय. बाकीच्यांचें दुखणें वाचनाचें नसून करांचें होतें. १८५५ सालीं कराची मर्यादा एक पेनीवर गेली व पुस्तकें घेण्याची मोकळीक मिळाली. ती पेनीची मर्यादा पुरती उठावयास १९१९ साल उजाडावें लागलें.

एडवर्ड्सचें स्वतःचें काय झालें? कायदा मंजूर झाला त्याच वर्षीं म्यूझियमांतील त्याची नोकरी सुटली. त्या कायद्याखालीं मँचेस्टर येथें निघालेल्या ग्रंथालयाचा तो पहिला ग्रंथपाल झाला. १८५२ च्या उद्घाटनास डिकन्स, थॅकरे यांसारखे ग्रंथकार आले होते. सहा वर्षांत समितीशीं भांडण होऊन तेथूनहि त्याला जावें लागलें, आणि १८८६ सालीं वाइट बेटावर तो दारिद्र्यांत वारला. ज्यानें कायदा घडवून आणला त्याला त्या कायद्यानें पोटभर अन्न दिलें नाहीं; परंतु गांवोगांवच्या मजुराला, पेनी टाकून अगर न टाकतां, पुस्तक मागण्याचा हक्क दिला. मेहेरबानीनें मिळणारें पुस्तक आणि हक्कानें मिळणारें पुस्तक हीं दिसावयास एकसारखींच असतात. फरक वाचकाच्या मानेंत असतो.

आतां मद्रासकडे वळूं. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ च्या जानेवारींत ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते ग्रंथप्रेमाच्या भरांत नव्हे. पगार बरा होता म्हणून. तेथील निर्जन शांततेचा त्यांस लौकरच इतका कंटाळा आला, कीं ते प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे जाऊन आपली जुनी जागा परत मागूं लागले. लंडनास जाऊन यावें व तरीहि कंटाळा टिकला तर जागा मिळेल, अशा बोलीवर त्यांची समजूत घालण्यांत आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत ते ग्रंथालयशास्त्र शिकले, पण खरें शिक्षण त्यांस वर्गांत मिळालें नसावें. वर्गाबाहेर पडून त्यांनीं तिकडचीं शंभरावर ग्रंथालयें पाहिलीं. कारखान्यांतला कामगार, घरकाम करणारी बाई, शाळेंतलें पोर एकाच ओट्यापाशीं येऊन पुस्तक मागत आहे, आणि ओट्यापलीकडचा मनुष्य तें देणें हें आपलें कर्तव्य समजत आहे, हें दृश्य त्यांस मद्रासेंत कधीं दिसलें नव्हतें. १९२५ सालीं ते परतले तेव्हां जुन्या जागेची गोष्ट त्यांनीं पुन्हां काढली नाहीं.

पांच सूत्रें त्यांस १९२८ च्या सुमारास सुचलीं. पुस्तक वापरावयाचें, कुलपांत जपावयाचें नव्हे, हें पहिलें. कोणीहि वाचक आपल्याजोग्या पुस्तकावांचून राहूं नये, हें दुसरें. कोणतेंहि पुस्तक आपल्या वाचकाची वाट पाहत धूळ खात पडूं नये, हें तिसरें. वाचकाचा वेळ फुकट दवडूं नये, हें चौथें. आणि ग्रंथालय हें सजीवाप्रमाणें वाढत राहणारें आहे हें ओळखून त्याची तजवीज करावी, हें पांचवें. पहिलें सूत्र त्यांच्या जुन्या गणिताच्या गुरूनें, प्रोफेसर रॉस यांनीं, बोलतां बोलतां सुचविलें असें ते स्वतःच सांगत. वरवर पाहतां हीं पांचहि वाक्यें इतकीं साधीं, कीं त्यांत शास्त्र तें काय, असा प्रश्न पडावा. परंतु गणित्याची एक खोड असते. एकदां एक विधान मान्य केलें, कीं त्यापासून जें जें निघतें तें तें तो मान्य करतो, मग तें कितीहि गैरसोयीचें असो.

दुसऱ्या सूत्रांत अशी एक गैरसोय दडलेली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे वाचक म्हणजे प्राध्यापक, पदवीधर व विद्यार्थी. सूत्र मात्र प्रत्येक वाचकाविषयीं बोलतें. मग कावेरीकांठचा शेतकरी, मद्रासच्या बंदरावरचा हमाल, अक्षरओळख नुकतीच झालेली स्त्री यांचें पुस्तक कोठें आहे? तें विद्यापीठाजवळ नाहीं. धर्मार्थ मंडळींजवळ थोडेंबहुत आहे, पण देणगीदार दमला कीं तेंहि नाहीं. १९३१ सालींच तंजावर जिल्ह्यांत मन्नारगुडी येथें बैलगाडींत पुस्तकें घालून तीं खेडोपाडीं नेण्याचा एक सुंदर उपक्रम सुरू झाला होता. गाडी चालूं लागली, गांवकरी जमूं लागले. पण पुढल्या सालीं बैलांची वैरण कोणी घालावयाची? या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांच्या वर्गीकरणांत सांपडत नाहीं. तें करांच्या वहींत सांपडतें, आणि त्या वहीला हात घालण्याचा अधिकार कायदेमंडळाशिवाय कोणासहि नाहीं. म्हणून ज्या ग्रंथांत हीं सूत्रें आहेत त्याच ग्रंथांत रंगनाथन ग्रंथालयाच्या कायद्याकडे वळले. आदर्श कायद्याचा मसुदा तर त्यांनीं १९३० च्या डिसेंबरांत काशी येथें भरलेल्या अखिल आशिया शिक्षणपरिषदेपुढें मांडलाहि होता.

त्या मसुद्याचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. बंगालमध्यें मुनींद्र देव राय यांनीं व मद्रासमध्यें बशीर अहमद सय्यद यांनीं त्यास धरून विधेयकें आणलीं, दोन्ही अडलीं. सक्तीचा कर हा दोन्हीकडे नाजुक भाग होता. ग्रंथपाल मात्र मसुद्यावर मसुदा करीत राहिला. वकील नव्हता, पण कलमांची भाषा शिकला. १९४५ सालीं मद्रास सोडून तो काशीस व तेथून दिल्लीस गेला. आणि तिकडे असतांनाच, अविनाशलिंगम चेट्टियार हे शिक्षणमंत्री असतां, १९४८ सालीं मद्रास प्रांताचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा मंजूर झाला. मद्रास शहरासाठीं व प्रत्येक जिल्ह्यासाठीं एक स्थानिक ग्रंथालय-प्राधिकरण. त्याचा खर्च भागविण्यास घरपट्टीवर एक लहानसा उपकर. आणि साऱ्यांच्या माथ्यावर एक संचालक, अशी त्याची रचना. शिवाय १८६७ च्या त्या जुन्या नोंदणीच्या कायद्यासहि त्यानें त्या प्रांतापुरती मुरड घातली, आणि सरकारांत येणाऱ्या प्रती मध्यवर्ती ग्रंथालयाकडे जातील असें केलें. संशयानें गोळा केलेलें पुस्तक वाचकाच्या हातीं देण्याची ती युक्ति आम्हांस साऱ्या कायद्यांतील सर्वांत रसिक कलम वाटतें. सबंध देशापुरतें तसें कांहीं व्हावयास १९५४ साल लागलें. त्या सालच्या कायद्यानें प्रकाशकानें स्वखर्चानें कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व इतर तीन ग्रंथालयांस प्रत पाठविणें आवश्यक केलें. त्या तिहींपैकीं एक मुंबईच्या टाऊन हॉलांतील मध्यवर्ती ग्रंथालय होय. न पाठविल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत व पुस्तकाची किंमत! इतक्या स्वस्त दंडाचें भय किती प्रकाशकांस वाटलें असेल तें वाचकांनींच ताडावें. १८६७ चा कायदा मात्र वयोवृद्ध होऊन २०२३ सालच्या नव्या कायद्यानें निकालांत निघाला.

येथें कोणी म्हणेल, कीं बडोद्यानें कायद्यावांचून याहून मोठें काम केलें नाहीं काय? केलें, आणि आम्हां मराठी लोकांस त्याचा अभिमान आहे. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून विल्यम बोर्डन यांस आणिलें, बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय उभें केलें, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांस धाडल्या. गांवानें एक हिस्सा जमवावा, एक पंचायतीनें घालावा, एक दरबारानें, अशा तिवारीच्या हिशेबानें वाचनालयें वाढविलीं. रंगनाथन लंडनास जाण्यापूर्वीं चौदा वर्षें हें सुरू होतें. पण त्याचा पाया हुकूम हा होता. हुकूम देणारा शहाणा होता म्हणून हुकूम शहाणा. १९४९ सालीं बडोदें मुंबई इलाख्यांत विलीन झालें, आणि ज्या दरबारावर तिसरा हिस्सा अवलंबून होता तो दरबारच उरला नाहीं.

कायद्याच्या बाबतींत पहिलेपणाचा मान मात्र दुसऱ्या एका मराठी संस्थानाचा आहे, आणि तो फार थोड्यांस ठाऊक असतो. मद्रासच्या तीन वर्षें आधीं, १९४५ सालीं, कोल्हापूर संस्थानानें सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. हिंदुस्थानांत त्या प्रकारचा तो पहिला. मात्र १९४९ च्या मार्चांत कोल्हापूर विलीन झालें आणि तो कायदाहि बाजूला पडला. पहिला कायदा आपला, आणि तो मूळ धरण्यापूर्वींच उपटला गेलेलाहि आपलाच. मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं एक समिति बसली होती. तिचे अध्यक्ष आसफ अली असगर फैझी हे सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. मद्रासेंत ग्रंथपाल कायद्याकडे गेला, तर मुंबईंत कायदेपंडित ग्रंथालयांकडे आला. त्यांच्या समितीनें १९४० सालीं मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्याच्या वाचनालयापर्यंत उतरत्या पायऱ्यांची योजना आंखून दिली, आणि स्वातंत्र्यानंतर तिच्या वरच्या पायऱ्या बांधल्याहि गेल्या. परंतु कायदेपंडितानें दिली ती योजना, कायदा नव्हे.

महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ सालीं झाला, आणि त्यांत उपकर नाहीं. हें अनवधानानें झालें असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्याकडे रत्नागिरीचें ग्रंथालय १८२८ चें, नाशिकचें १८४० चें, पुण्याचें १८४८ चें, कोल्हापूरचें १८५० चें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें व मुंबईचें १८९८ चें. गांवच्या वकील-मास्तर-मामलेदारांनीं वर्गणी काढून हीं उभीं केलीं. इतका जुना वृक्ष समोर असतां नवें रोप कशास लावा, त्यालाच पाणी घाला, असा विचार करून सरकारनें या लोकसंस्थांस वर्गवारीनें अनुदान देण्याची रीत स्वीकारली. तिच्यामुळें दहा हजारांवर वाचनालयें राज्यांत उभीं राहिलीं, ही लहान गोष्ट नव्हे. उलट ज्या प्रांतांत उपकर आहे तेथेंहि सारें सुरळीत नाहीं. नगरपालिका कर वसूल करतात आणि ग्रंथालयाचा वांटा वर्षानुवर्षें पुढें पाठवीत नाहींत, ही रड दक्षिणेंत नेहमीची.

तरीहि आमचें मन या व्यवस्थेनें निःशंक होत नाहीं. अनुदान मिळतें तें संस्थेस. हक्क मिळावयास हवा होता तो वाचकास. आमच्या बालपणीं तालुक्याच्या गांवीं एक वाचनालय होतें. वर्तमानपत्रें कोणासहि वाचूं देत. पण पुस्तक घरीं न्यावयाचें तर अनामत भरावी लागे, आणि ती आमच्या घरून मिळण्यासारखी नव्हती. तेथील ग्रंथपाल दयाळू होते. दुपारीं चिटणीस जेवावयास गेले, कीं ते आम्हांस आपल्या टेबलाशेजारीं बसवून हवें तें पुस्तक काढून देत. चिटणिसांची चाहूल लागली, कीं आम्ही पुस्तक मिटून वर्तमानपत्र उघडत असूं. त्या माणसाचे उपकार आम्ही विसरलों नाहीं. परंतु पुस्तक मिटण्याची ती घाईहि विसरलों नाहीं. त्यांचा स्वतःचा पगार वर्षांतून दोनदां, अनुदानाचा हप्ता येईल तेव्हां होई, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें.

गोव्याच्या कायद्याविषयीं एक वाक्य लिहिल्यावांचून राहवत नाहीं. तो १९९३ सालचा. त्यानें ग्रंथालयांसाठीं उपकर बसविला तो घरांवर नव्हे, तर दारू व बिअर यांवर. ग्रंथ आणि मद्य यांचें सख्य कवींनीं पूर्वीं वर्णिलेलें आहे. पण एकानें दुसऱ्याचा खर्च चालवावा ही कल्पना मसुदाकारांचीच.

रंगनाथन १९७२ सालीं वारले. त्यानंतर तेहतीस वर्षांनीं, २००५ सालीं, माहितीच्या अधिकाराचा कायदा देशभर झाला. १८६७ सालीं सरकार लोकांच्या कागदांची यादी मागत होतें. येथें लोक सरकारच्या कागदांची मागूं लागले. त्याचें चौथें कलम आम्हीं मुद्दाम काढून वाचलें. प्रत्येक सार्वजनिक कचेरीनें आपले सारे अभिलेख सूची व निर्देशी करून, सहज सांपडतील असे ठेवावेत, अशी त्यांत पहिलीच आज्ञा आहे. म्हणजे ग्रंथपालाचा धंदा साऱ्या सरकारास कायद्यानें लावून दिला आहे. तेथेंच थोडें पुढें कचेऱ्यांनीं आपण होऊन काय काय जाहीर करावें त्याची यादी येते, आणि तिच्यांत लोकांसाठीं चालविलेल्या ग्रंथालयाच्या किंवा वाचनकक्षाच्या कामाच्या वेळाहि घातलेल्या आहेत. मात्र त्यापूर्वीं एक अट आहे : असें ग्रंथालय असल्यास.